पहिल्या शंभर प्रतींनंतरचा वाचक

कणकवलीहून एका वाचकताईंचं पत्र आलं आहे. त्यातला मुख्य भाग असा: "आम्ही आठजणी दर महिन्याला प्रत्येकी शंभर रुपये काढतो आणि पुस्तकं घेऊन आलटून पालटून वाचतो. मोठ्या प्रकाशकांची पुस्तकं कुठंही मिळतात, म्हणून यंदा ठरवलं की पदरमोड करून स्वतःचं पुस्तक स्वतःच काढणाऱ्यांची घ्यायची. दोन महिन्यांतच हिरमोड झाला. पहिलं पुस्तक इतकं कच्चं निघालं की पंचविसाव्या पानापुढं कुणी गेलं नाही. दुसऱ्याचे पैसे फोनवरून पाठवले, त्याला दीड महिना झाला, पुस्तकाचा पत्ता नाही. अशी पुस्तकं शोधायची कुठं, घेण्याआधी पारखायची कशी, आणि आमच्या आठशे रुपयांत लेखकाला खरा उपयोग होईल असं काय करता येईल?"

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो. त्याचं उत्तर कळलं की बाकीच्या दोन्हींची वाट सोपी होते.

स्वतः पुस्तक काढणारे मराठी लेखक बहुधा तीनशे ते पाचशे प्रती छापतात. पहिल्या शंभरेक सहज जातात: प्रकाशनाला आलेली मंडळी, भावकी, कचेरीतले सहकारी, शाळासोबती. त्यातल्या बऱ्याच भेट म्हणून दिल्या जातात आणि कपाटात न उघडता राहतात. मग पुस्तक अडतं. वितरक नसतो, दुकानात मांडणी नसते आणि ओळखीची माणसं संपलेली असतात. उरलेले गठ्ठे घरातल्या पलंगाखाली जातात आणि कोकणात तर दोन पावसाळ्यांत त्यांना बुरशी धरते. या टप्प्यावर लेखकाला हवा असतो त्याला मुळीच न ओळखणारा वाचक, जो ते पुस्तक वाचेल आणि लेखकाला न ओळखणाऱ्या आणखी कुणापर्यंत नेईल. तुम्ही आठजणी नेमक्या त्या वाचक आहात. पुढचा सगळा सल्ला याच हिशेबानं आहे.

आता शोध. सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात उपयोगी जागा म्हणजे मासिकं, साप्ताहिकं आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतलं 'साभार पोच' हे छोटं सदर. संपादकांकडं आलेल्या पुस्तकांची ती नुसती यादी असते: नाव, लेखक, प्रकाशक, पानं, किंमत आणि पुष्कळदा पत्ता किंवा फोन. परीक्षण छापून यायला वशिला नाही तरी नशीब लागतं, पोच मात्र साध्या लेखकालाही मिळते. यादीत प्रकाशकाचं आणि लेखकाचं आडनाव एकच दिसलं, किंवा प्रकाशकाचा पत्ता एखाद्या गृहसंकुलातल्या सदनिकेचा असला, की ते पुस्तक बहुधा घरचंच असतं. वाचनालयात बसून तीन महिन्यांचे अंक चाळलेत तरी पंधरा-वीस नावं हाताशी येतील.

दुसरी जागा दिवाळी अंकांची. एखाद्या अनोळखी नावाची कथा आवडली तर ते नाव वहीत लिहून ठेवा आणि नंतर त्या नावावर पुस्तक आहे का ते पाहा. पुस्तक हातात घेण्याआधी त्या लेखकाची दहा पानं तुम्ही वाचलेली असतात, म्हणजे निम्मी पारख तिथंच झाली. तिसरी जागा तुमच्या जवळची. कोकण मराठी साहित्य परिषदेचं काम १९९१ पासून चालू आहे आणि सिंधुदुर्गातही तिच्या शाखा आहेत. त्यांच्या कार्यक्रमात दाराशी एक टेबल असतं, त्यावर स्थानिक लेखक आपली पुस्तकं ठेवतात. पलीकडं गोव्यात पर्वरीला गोमंतक मराठी अकादमी आहे, तिच्या कार्यक्रमांवरही लक्ष ठेवा. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाला गेलात तर प्रवेशाजवळची मोठी दालनं आधी न करता मागच्या रांगांपासून सुरुवात करा. एकट्या लेखकानं किंवा तिघाचौघांनी मिळून घेतलेले गाळे बहुधा तिकडं असतात, आणि तिथं पोचेपर्यंत लोकांचे पैसे आणि पाय दोन्ही संपलेले असतात.

इंटरनेटवर शोधताना एक अडचण नेहमी येते. मराठी पुस्तकाचं नाव कुणी देवनागरीत नोंदवतं, कुणी रोमन अक्षरांत, आणि रोमन लिहिताना प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. म्हणून अॅमेझॉनवर किंवा बुकगंगावर एकदा देवनागरीत आणि एकदा रोमनमध्ये शोधा. नावानं सापडलं नाही तर लेखकाच्या नावानं शोधा, आणि तेही आडनाव आधी व नंतर असं दोन्ही तऱ्हांनी. प्रतिलिपी या लेखन-वाचनाच्या अॅपवर तर मराठीत लिहिणारे हजारोंनी आहेत, पण तिथलं लेखन मालिकेसारखं भागाभागानं येतं. गटानं मिळून वाचायला ते सोयीचं नाही, एकेकटीनं फोनवर वाचायला ठीक.

शोधताना विषयाचंही भान ठेवा. स्वतः काढलेल्या पुस्तकांत आम्हाला सर्वांत जास्त कस दिसतो तो स्थानिक आणि अनुभवाच्या लेखनात: गावाचा इतिहास, एखाद्या नदीखोऱ्यातली झाडं, बोलीतल्या म्हणी आणि गाणी, गिरणीत, एसटीत, जहाजावर किंवा शेतात आयुष्य घालवलेल्या माणसाच्या आठवणी. ही पुस्तकं मोठा प्रकाशक नाकारतो याचं कारण बहुधा ती वाईट असणं हे नसतं. त्यांचा वाचक दोन तालुक्यांपुरताच आहे असं त्याला वाटतं, एवढंच. कादंबरीत धोका जास्त, कारण कादंबरीला संपादकाचा हात लागतोच, आणि एकट्या लेखकाच्या खर्चातून सर्वांत आधी संपादनच गळतं. तुमचं पहिलं पुस्तक कादंबरी होतं का ते पत्रात लिहिलेलं नाही, पण पुढची दोन-तीन पुस्तकं अनुभवाची किंवा मुलखाची घ्या.

पारखण्यासाठी आधी मुखपृष्ठ उलटून श्रेयांचं पान वाचा. मुद्रितशोधन कुणी केलं, अक्षरजुळणी कुणाची, मुखपृष्ठ कुणाचं, मुद्रक कोण, आवृत्ती कधीची. यात मुद्रितशोधकाचं नाव असेल तर लेखकानं छपाईआधी कुणाला तरी पैसे देऊन किंवा निदान गळ घालून मजकूर वाचून घेतला आहे. नाव नसेल तर पुस्तक टाकाऊच असं नाही, पण आतली पानं जास्त बारकाईनं पाहा. आयएसबीएनवर मात्र भुलू नका. भारतात हा तेरा आकडी क्रमांक केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाखालची राजा राममोहन रॉय यांच्या नावाची संस्था विनामूल्य देते, आणि तो व्यक्तिशः लेखकालाही मिळतो. आपल्याकडच्या क्रमांकांत ९७८ नंतर ८१ किंवा ९३ येतं. तो क्रमांक पुस्तक ओळखायला आणि मागवायला उपयोगी आहे. गुणवत्तेची मोहर म्हणून तो कुणी दिलेला नसतो. मागच्या पानावर 'आयएसबीएन प्राप्त ग्रंथ' असं मिरवलेलं दिसलं, तर ती नुसती नोंद आहे एवढंच समजा.

मग तीन पानं वाचा: पहिलं, साठाव्याच्या आसपासचं आणि शेवटून दहावं. पहिलं पान प्रत्येक लेखक दहादा घासतो, नुसत्या त्यावरून काही कळत नाही. मधल्या पानावर लेखक थकलेला असतो आणि खरी भाषा तिथं दिसते. दुकानात किंवा टेबलाशी उभ्यानं हे पाच मिनिटांत होतं. लांबून मागवायचं असेल तर लेखकाला सरळ लिहा: 'मधल्या दोन पानांचे फोटो पाठवाल का?' चांगला लेखक आनंदानं पाठवतो. अॅमेझॉनच्या किंडल अॅपवर ई-पुस्तक असेल तर सुरुवातीचा काही भाग नमुना म्हणून फुकट वाचता येतो.

या पानांवर चुका दिसल्या तर त्या कसल्या आहेत ते ओळखा. अनेक जुन्या संहिता श्रीलिपीसारख्या, युनिकोड ही आजची सगळीकडं चालणारी अक्षरपद्धती रुळण्याआधीच्या टंकांत (फाँटमध्ये) टाइप केलेल्या असतात. त्या युनिकोडमध्ये बदलताना रफार शेजारच्या अक्षरावर जातो, 'ऱ्या' तुटतो, जोडाक्षरांत भलता पाय मोडतो. सगळीकडं एकाच जातीची चूक दिसली तर ती यंत्राची आहे आणि लेखन तिच्याखाली चांगलं असू शकतं. एकाच माणसाचं नाव दोन पानांवर दोन तऱ्हांनी, संवाद कोण बोलतंय ते कळत नाही, तीच माहिती दोनदा, हे दिसलं तर मजकूर कुणीच वाचून पाहिलेला नाही. असं पुस्तक खाली ठेवा, संकोच करू नका. आणि मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी संवादांतली रूपं शुद्धलेखनाच्या चुकांत मोजू नका. तुम्हाला हे सांगायची गरज नाही, पण तुमच्या गटाकडून पुस्तक पुढं ज्यांच्याकडं जाईल त्यांना सांगावं लागेल.

आता न आलेलं पुस्तक. दीड महिना फार झाला, तरी फसवणूक धरून चालण्याआधी एक गोष्ट तपासा. या व्यवहारात सर्वांत जास्त घोळ पैसे आणि पत्ता यांची जोडी न लागल्यानं होतो. यूपीआयचा क्रमांक लेखकाच्या पत्नीच्या किंवा मुलाच्या खात्याचा असतो, पैसे पाठवणारीचं नाव बँकेत माहेरचं किंवा नवऱ्याचं असतं, पत्ता तिसऱ्याच कुणाच्या व्हॉट्सअॅपवर जातो. लेखकाला अडीचशे रुपये आलेले दिसतात, कुणाचे ते कळत नाही. म्हणून आज एकच संदेश पाठवा आणि त्यात सगळं एकत्र लिहा: पैसे पाठवल्याची तारीख, रक्कम, व्यवहाराचा क्रमांक, ज्या नावानं गेले ते नाव, पुस्तकाचं नाव, पिनकोडसह पूर्ण पत्ता आणि मोबाइल. आठवड्यात उत्तर नाही आलं तर फोन करा. आपणहून पाठवलेले पैसे बँक सहसा परत फिरवत नाही, तेव्हा लेखकाशी बोलणं हाच पहिला मार्ग. पुढच्या वेळी क्रम उलटा ठेवा. आधी प्रत शिल्लक आहे का विचारा, टपालखर्च धरून एकूण रक्कम लेखी घ्या, आधी पत्ता पाठवा, मग पैसे, आणि चार दिवसांनी टपालाचा नोंदक्रमांक मागा.

टपालाचं गणितही बदललं आहे. रजिस्टर्ड बुकपोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं, आणि छोट्या लेखकांचा स्वस्त आधार गेला. १ मे २०२५ पासून टपाल खात्यानं 'ज्ञानपोस्ट' सुरू केलं आहे. त्यात ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांपासून ५ किलोपर्यंत १०० रुपये असा दर आहे, कर वेगळा. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव असावं लागतं, आणि कोणतं पुस्तक त्यात बसतं ते लेखकानं आपल्या टपाल कार्यालयात विचारून घ्यावं. ही सेवा जमिनीवरच्या वाहतुकीनं जाते, म्हणून दिवस जास्त लागतात. डेमी म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या आकाराचं, ७० जीएसएम वजनाच्या साध्या कागदावरचं दोनशे पानी साध्या बांधणीचं पुस्तक वेष्टनासह साधारण २६०-२७० ग्रॅम भरतं, म्हणजे पहिल्या टप्प्यात बसतं. पुठ्ठा बांधणी झाली की बहुधा बसत नाही. अनेक लेखकांना ही सेवा माहीत नसते आणि ते कुरिअरला जास्त पैसे मोजतात. मागवताना त्यांना हे सांगितलंत तर तीही मदतच.

सूट मात्र मागू नका. उदाहरणादाखल हिशेब मांडू: पुस्तकाची किंमत २५० रुपये आणि तीनशे प्रती छापल्यानं प्रतीमागे छपाईचा खर्च ११० धरू. दुकानानं ४० टक्के घेतले तर १०० गेले, लेखकाकडं १५० आले आणि छपाई वजा जाता ४० उरले. त्यातून मुखपृष्ठ, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन यांचा खर्च निघायचा असतो. तीच प्रत तुम्ही थेट घेतली तर १४० उरतात. तुम्ही २० टक्के सूट मागितलीत की त्यातले ५० गेले. मागणीनुसार एकेक प्रत छापून देणाऱ्या सेवांवरची पुस्तकं पानांच्या मानानं महाग दिसतात, कारण एकेका प्रतीचा छपाईखर्चच जास्त असतो. लेखक हावरा आहे असा अर्थ काढू नका. आणि काही लेखकांनी प्रकाशकाला पैसे देऊन पुस्तक काढलेलं असतं आणि बदल्यात प्रती घेतलेल्या असतात. त्यांना फक्त हातातल्या प्रतींचेच पैसे मिळतात. तेव्हा मागवण्याआधी एक वाक्य विचारा: 'तुमच्याकडून घेतलं तर तुम्हाला बरं पडेल की दुकानातून?'

आता आठशे रुपये. एकाच पुस्तकाच्या आठ प्रती घेऊ नका. लेखकाला त्या दिवशी आनंद होईल, पण आठही प्रती एकाच गटात अडकतील. एका पुस्तकाच्या दोन प्रती आणि दुसऱ्याची एक, एवढं घ्या. अडीचशेच्या दोन आणि सव्वादोनशेची एक धरली तर सव्वासातशे होतात, उरलेल्या पंचाहत्तरात टपाल भागतं. पहिल्या पुस्तकाची एक प्रत आठजणींत फिरेल. दुसरी महिनाअखेर गटाबाहेर द्यायची, अशा माणसाला ज्याला तो विषय जवळचा आहे. एसटीतल्या आठवणींचं पुस्तक निवृत्त वाहकाकडं, झाडांचं पुस्तक शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंकडं. आत एक कोरा कागद ठेवा, वाचणाऱ्यानं नाव आणि तारीख लिहून पुढं द्यायचं. सहा महिन्यांनी त्या कागदाचा फोटो लेखकाला पाठवा. आपलं पुस्तक कुणापर्यंत गेलं हे अशा लेखकाला कधीच कळत नसतं.

यापेक्षाही मोठं काम वाचनालयात होतं, आणि त्याला एक रुपया लागत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्याखाली मान्यता मिळालेल्या अ, ब, क, ड वर्गाच्या ग्रंथालयांना शासनाचं अनुदान मिळतं आणि त्यातला काही भाग पुस्तकखरेदीला जातो. ती खरेदी बहुधा वितरकाच्या यादीवरून एकगठ्ठा होते, म्हणून घरून निघालेलं पुस्तक तिच्यात शिरतच नाही. वाचकाची लेखी मागणी ही त्यातली फट आहे. मागणीच्या वहीत पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष, किंमत, आयएसबीएन आणि मागवायचा फोन हे सगळं लिहा. नुसतं नाव लिहिलं तर ग्रंथपाल शोधत बसत नाहीत, त्यांना तेवढा वेळच नसतो. आठजणींनी वेगवेगळ्या दिवशी मागणी नोंदवली तर ग्रंथालयाच्या समितीपुढं ती ठसठशीत दिसते. प्रत देणगी म्हणून देण्याची घाई करू नका, कारण देणगीची प्रत आली की खरेदी होत नाही. मागणी दोन-तीन महिने पडून राहिली तरच देणगी द्या, आणि तीही ग्रंथपालांना विचारून, म्हणजे दाखल नोंद होईल.

लेखकालाही एक आठवण करा. ग्रंथालय संचालनालयाकडून शासनमान्य ग्रंथांची यादी निघते आणि तिच्या विचारासाठी पुस्तक आपणहून पाठवावं लागतं. राज्याच्या वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या पुस्तकासाठीही वेगळे पुरस्कार आहेत, तिथंही प्रवेशिका लागते. एकटे लेखक या मुदती हमखास चुकवतात.

अभिप्रायाबद्दल. अॅमेझॉनवर, बुकगंगावर किंवा गुडरीड्सवर शंभर-सव्वाशे शब्द पुरेत. पुस्तक कशाबद्दल आहे, कुणाला आवडेल, कुठं कमी पडतं, एवढं लिहा, आणि पुस्तकाचं नाव देवनागरीत व रोमनमध्ये एकेकदा घाला म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल. 'अप्रतिम, अवश्य वाचा' यानं कुणी अनोळखी माणूस पैसे मोजत नाही. ओळखीच्यांनी लिहिल्यासारखं ते वाटतं आणि पुष्कळदा तसंच असतं. घरच्यांचे आणि जवळच्या मित्रांचे अभिप्राय अॅमेझॉनच्या नियमांत बसत नाहीत, ते काढले जातात. तुम्ही अनोळखी आहात, म्हणून तुमच्या शब्दाला वजन आहे. फक्त आठजणींनी एकाच संध्याकाळी एकाच घरातून टाकू नका, ते बनावट समजले जाण्याची भीती असते. उणीव दिसली तर ती लिहाच. एक उणीव सांगितलेल्या अभिप्रायावर लोक जास्त विश्वास ठेवतात.

तुमच्यातली कुणी किंडल अनलिमिटेडवर, म्हणजे अॅमेझॉनच्या वर्गणी भरून ई-पुस्तकं वाचायच्या सेवेवर, वाचत असेल तर एवढं माहीत असू द्या की तिथं लेखकाला वाचलेल्या पानांनुसार मोबदला मिळतो, आणि एका वाचकाचं एक पान एकदाच मोजलं जातं. नुसतं उतरवून ठेवल्यानं काही मिळत नाही. इंटरनेट बंद ठेवून वाचलं असेल तर नंतर एकदा जोडा, तेव्हाच पानं नोंदली जातात.

व्हॉट्सअॅपवर पुस्तकाची पीडीएफ आली तर पुढं पाठवू नका, कुणी कितीही कौतुकानं पाठवलेली असो. तीनशे प्रती विकायच्या असलेल्या लेखकाला एका तालुक्यात फिरलेली पीडीएफ संपवू शकते. ई साहित्य प्रतिष्ठानसारख्या ठिकाणी लेखकांनी स्वतःहून मोफत दिलेली पुस्तकं असतात, ती खुशाल पाठवा, तीच त्यांची इच्छा आहे. बाकी पुस्तकांसाठी मुखपृष्ठाचा फोटो, श्रेयांच्या पानाचा फोटो आणि तुमच्या शब्दांतला एक परिच्छेद असे तीन तुकडे गटांवर टाका. दुसरा फोटो लोक विसरतात आणि मग 'कुठं मिळेल?' या प्रश्नापाशी सगळं थांबतं.

शेवटी तुमच्या पहिल्या, पंचविसाव्या पानावर सोडलेल्या पुस्तकाबद्दल. ते अजून घरात असेल तर एकीनं पेन्सिल घेऊन ती पंचवीस पानं पुन्हा वाचावीत आणि चुकांची यादी करावी: पृष्ठ ७, ओळ १२, छापलं आहे हे, हवं हे. सोबत वाचन नेमकं कुठं आणि का थांबलं ते दोन ओळींत लिहा, आणि यादी लेखकालाच पाठवा, गटावर टाकू नका. ई-पुस्तक किंवा मागणीनुसार छापलं जाणारं पुस्तक असेल तर लेखक ते काही दिवसांत दुरुस्त करू शकतो. छापील प्रती शिल्लक असतील तर पुढच्या छपाईपर्यंत यादी जपून ठेवेल. पानं आणि ओळींसकट आलेलं असं पत्र या लेखकांना क्वचितच मिळतं. उत्तर आलं तर आम्हालाही कळवा, आणि न आलेल्या पुस्तकाचं काय झालं तेही.